छोट्या निधीतून अनुदान देताना ते परिणामकारक, नैतिक आणि न्याय्य कसं ठेवता येईल?

तुम्ही लिहिलंय की काही नातेवाइकांनी मिळून एक निधी उभारला आहे आणि पुढच्या वर्षापासून सामाजिक संस्थांना अनुदान द्यायचं आहे. पैसा वाया जाऊ नये, कुणावर अन्याय होऊ नये, म्हणून नियम कसे करावेत, आणि संस्थेच्या पगाराला, भाड्याला पैसे द्यावेत की नाही, असं तुम्ही विचारताय. मी बरीच वर्षं संस्थेच्या बाजूने प्रस्ताव लिहिले, नंतर एका निवड समितीवर बसून असे प्रस्ताव वाचले. त्या अनुभवावरून लिहितो.

परिणामकारकता, नैतिकता आणि न्याय यांचे तीन वेगळे रकाने करू नका. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी अडतात: निर्णय कोण घेतं, आणि तो चुकला तर किंमत कोण मोजतं. अनुदानाच्या व्यवहारात निर्णय पैसे देणाऱ्याचा असतो आणि किंमत पैसे घेणाऱ्याला मोजावी लागते. देणाऱ्याला तर आपलं चुकलं हे अनेकदा कळतही नाही, कारण ज्याला पुढच्या वर्षीही पैसे हवे आहेत तो तोंडावर सांगणार कसा?

प्लेपंपचं उदाहरण घ्या. मुलांनी फिरत्या चक्रावर खेळायचं आणि त्यातून विहिरीचं पाणी वर यायचं, अशी ती कल्पना. देणगीदारांना ती इतकी आवडली की २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात हजाराहून अधिक पंप बसले. प्रत्यक्षात पुरेसं पाणी काढायला मुलांना अशक्य इतका वेळ खेळावं लागलं असतं. मुलं नसताना बायकांना ते जड चक्र हाताने ढकलावं लागे. बिघडलं की दुरुस्ती लवकर होत नसे, आणि काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून हे बसवले होते. रोज पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारलं असतं, तर यातलं बरंचसं एका दुपारीच कळलं असतं. हा पैसा कुणी खाल्ला नाही, कुणाचा हेतूही वाईट नव्हता. निर्णयाच्या जागी पाणी भरणारं कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट, निवडीत ज्यांचा प्रश्न आहे त्यांना बसवा. सल्ल्यापुरतं नाही, मत देऊन. हे होऊ शकतं. २००८ पासून काम करणाऱ्या डिसॅबिलिटी राइट्स फंडमध्ये अनुदान ठरवणाऱ्या समितीत अपंग कार्यकर्ते असतात. तरुण स्त्रीवादी गटांना पैसे देणाऱ्या फ्रिडा या निधीत अर्जदार गटांनीच एकमेकांचे अर्ज वाचून मत दिलं आहे. अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांच्या खुल्या आवाहनाला सहा हजारांहून अधिक संस्थांनी अर्ज केले, तेव्हा पहिली छाननी अर्जदार संस्थांनीच एकमेकांची केली. शेवटी २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर दिले गेले.

या पद्धतीचे धोकेही खरे आहेत. वस्तीतही वजनदार माणसं असतात, ती समितीत शिरतात आणि आपल्याच माणसांकडे पैसे वळवतात. त्यामुळे हितसंबंध लेखी जाहीर करणं, आपल्या संस्थेच्या चर्चेच्या वेळी बाहेर जाणं आणि सभासद ठरावीक मुदतीने बदलणं हे नियम पहिल्या दिवसापासून हवेत. समितीतल्या लोकांना त्यांच्या वेळेचे पैसेही द्या. रोजंदारी बुडवून कुणी तुमच्या बैठकीला फुकट यावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आता पगार-भाड्याचा प्रश्न. द्या, नि:शंकपणे द्या. ‘आमचा सगळा पैसा थेट लाभार्थ्यांपर्यंत जातो’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण ते खरं करायला कुणीतरी हिशेब फुकट लिहीत असतं. २००९ मध्ये अमेरिकेत दोन अभ्यासकांनी हे दुष्टचक्र नीट मांडलं. देणगीदार अवास्तव कमी प्रशासकीय खर्चाची अपेक्षा धरतात, संस्था तो कमी करतात किंवा कमी दाखवतात, ते आकडे बघून देणगीदारांची अपेक्षा आणखी खाली जाते, आणि संस्था आतून उपाशी राहते. हिशेबनीस नाही, संगणक जुना, कार्यकर्ते दोन वर्षांत सोडून जातात. मग आपणच म्हणतो, यांचं काम टिकत नाही! अमेरिकी सरकारने आपल्या अनुदानांत, वेगळा दर ठरवून न घेतलेल्या संस्थांना अप्रत्यक्ष खर्चासाठी (भाडं, हिशेब वगैरे) घेता येणारा सरसकट दर २०२४ मध्ये १० वरून १५ टक्क्यांपर्यंत वाढवला. तुम्ही टक्केवारीच्या वादात पडूच नका. संस्थेला विचारा, हे काम नीट करायला खरा खर्च किती, आणि तो द्या. त्याहून चांगलं म्हणजे पैसा एखाद्या प्रकल्पाला बांधू नका. संस्था विश्वासाची वाटली तर तिला तीन ते पाच वर्षांसाठी मोकळा निधी द्या. वर्षाच्या मध्यात परिस्थिती बदलली तर तिला तुमच्या परवानगीची वाट बघत बसावं लागणार नाही.

कागदपत्रांबद्दल लोक फारसा विचार करत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त चीड तिथेच येते. मागितलेला प्रत्येक कागद कुणाच्या तरी कामाच्या वेळेतून येतो. समजा, अर्ज तयार करायला एका संस्थेचे पाच दिवस जातात, शंभर संस्था अर्ज करतात आणि तुम्ही पाच जणींना पैसे देता. म्हणजे ४७५ दिवसांचं काम तुम्ही क्षेत्राकडून घेतलंत आणि त्याबदल्यात काहीच दिलं नाहीत. शिवाय ज्यांच्याकडे सफाईदार इंग्रजी लिहिणारा माणूस आहे तेच पुढे जातात, काम कुणाचं चांगलं हा मुद्दा बाजूला पडतो. आधी एक पानाची चौकशी किंवा फोनवर अर्धा तास बोलणं, त्यातून मोजक्यांनाच सविस्तर अर्ज, तोही त्यांच्या भाषेत, आणि दुसऱ्या देणगीदाराला दिलेला अहवाल तसाच स्वीकारणं, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. नकार दिलात तर खरं कारण कळवा.

न्यायाच्या बाजूने बोलताना पुराव्याला बगल देऊ नये, असंही मला ठामपणे वाटतं. चांगल्या भावनेने केलेलं काम अपाय करू शकतं. अमेरिकेत वाट चुकण्याची शक्यता असलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी घाबरवण्याचे कार्यक्रम फार लोकप्रिय होते. त्यांवरचे नऊ नियंत्रित प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की कार्यक्रमात गेलेल्या मुलांमधली गुन्हेगारी न गेलेल्यांपेक्षा जास्त होती. अशा वेळी लोकांना आवडतं म्हणून पैसे देत राहणं हाही अन्यायच. पण पुरावा जमवण्याचा खर्च देणाऱ्याने उचलावा, आणि लहान संस्थेकडे विद्यापीठाच्या दर्जाचा अभ्यास मागू नये. जे काम इतरत्र चांगलं तपासून झालंय ते नीट होतंय की नाही, एवढंच तिथे पाहावं.

मी स्वतः एक कसोटी वापरतो. हेच पैसे त्या कुटुंबांच्या हातात थेट दिले असते, तर त्यांचं याहून जास्त भलं झालं असतं का? गरीब लोक रोख पैसे दारू-तंबाखूत उडवतात हा समज जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये १९ अभ्यास एकत्र करून तपासला, आणि अशी वाढ सर्वसाधारणपणे आढळली नाही. एखादा प्रस्ताव या कसोटीला उतरत नसेल तर तो का निवडायचा, याचं उत्तर समितीकडे असायला हवं. धोरण बदलण्यासाठीचा पाठपुरावा, संघटन, कायद्यासाठीचा लढा ही कामं मात्र या मापाने मोजता येत नाहीत. अन्यायाचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं, आणि देणगीदार तिथूनच सगळ्यात आधी अंग काढून घेतात. निधीचा एक भाग अशा कामांसाठी वेगळा काढून ठेवा.

पैसा कुठून आला, हेही पाहा. २०१९ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला सॅकलर ट्रस्टकडून मिळणारी १० लाख पौंडांची देणगी पुढे गेली नाही, कारण सॅकलर कुटुंबाच्या औषध कंपनीचं नाव अमेरिकेतल्या अफूजन्य वेदनाशामकांच्या संकटाशी जोडलं गेलं होतं. तुमच्या निधीची मूळ रक्कम कुठे गुंतवली आहे, हा त्याच प्रश्नाचा घरगुती भाग. अमेरिकेत खासगी फाउंडेशनना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण ५ टक्के इतकंच वाटण्याची सक्ती आहे, उरलेले ९५ टक्के बाजारात असतात. नदी साफ करणाऱ्या संस्थेला अनुदान आणि ती नदी घाण करणाऱ्या कंपनीत ठेव, असं होऊ देऊ नका.

नियम लिहिण्याआधी एक करा. ज्यांना कुठल्या ना कुठल्या निधीने नकार दिलाय अशा सात-आठ लहान संस्थांना एक दिवस बोलवा, त्या दिवसाचे आणि प्रवासाचे पैसे द्या, आणि आम्ही अर्जात काय विचारू नये हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्यांच्यातल्या कुणालाही पुढे अनुदान मिळेल किंवा मिळणार नाही, हे त्या दिवसाच्या बोलण्यावर ठरणार नाही, असं बैठकीच्या सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.