पॉइंट टू टूची नळी लांब घेतली तर शंभर मीटरवर नेम सुधारेल का?

तुमची रायफल २० इंची आहे, २६ इंची घेतली तर गोळी जोरात जाईल आणि शंभर मीटरवर ग्रुप (भोकांचा पुंजका) आवळेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : या कारणासाठी तरी घेऊ नका.

.२२ लाँग रायफल म्हणजे आपल्या पॉइंट टू टूच्या काडतुसात दारू असते ती किती? ग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा. तिचा वायू साधारण १६ ते १८ इंचांपर्यंत गोळीला नीट रेटतो. पुढे रेटा ओसरतो आणि शिशाची गोळी नळीला घासतच बाहेर पडते. माझी २७ इंची आणि फोंड्याच्या मित्राची २० इंची आम्ही एकाच पेटीतल्या काडतुसांवर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावून तपासली. माझी गोळी सेकंदाला चार मीटरने मागे! त्या सकाळचा भाजीपाव माझ्या खिशातून गेला.

मग स्पर्धेतल्या रायफली लांब का? पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ब्राँझ मिळवलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये स्कोप (दुर्बीण) चालत नाही. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जितकं जास्त, तितकी नेमातली चूक कमी. म्हणून कित्येक जण नळीच्या टोकाला नुसती पोकळ ट्यूब बसवतात. तुमच्या रायफलीवर स्कोप असेल तर तोही फायदा गेला.

खरा घोळ वेगाच्या फरकात आहे. मॅचची, म्हणजे स्पर्धेची, गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास निघते. समजा, एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा १० मीटरने कमी पडला. ५० मीटरवर ती सुमारे सात मिलिमीटर खाली लागेल. तिथल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिलिमीटर, म्हणजे तेवढ्यानेही गुण जाऊ शकतो. शंभरावर तोच फरक तीन सेंटिमीटरच्या घरात जातो. त्याला नळी काय करणार!

म्हणून जास्त वेगाची पेटी आणायचा मोह आवरा. मी आणली होती. पन्नासावर ग्रुप झकास, शंभरावर भोकं इकडेतिकडे, जणू कुणी तांदूळ फेकलेत. ती गोळी ध्वनीपेक्षा जोरात निघते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली उतरताना डगमगते. वारा तिला मॅचच्या गोळीपेक्षा जास्त ढकलतो, हे ऐकायला उलटं वाटलं तरी खरं आहे. यात आपल्या गोव्याचा उकाडा चांगला. ० अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर, म्हणजे मॅचची गोळी अगदी काठावर. आपल्याकडे बत्तीस अंशाला तोच ३५० होतो, त्यामुळे गोळी निवांत त्या वेगाच्या खालीच राहते.

वाऱ्याचं मात्र आपलं नशीब तितकं बरं नाही. सकाळी दहापर्यंत हवा गप्प असते, मग दर्यावरून खारं वारं सुटतं. माडाची चुडतं बघून अंदाज घेऊ नका. ती वर हलत असतात आणि गोळी जाते कमरेच्या उंचीवरून. टार्गेटच्या वाटेत दोन फिती बांधा.

तर पैसे नळीवर घालवण्याऐवजी एकाच कंपनीच्या तीन वेगवेगळ्या लॉटची (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांच्या खेपेची) पेटी-पेटी घ्या. लॉट नंबर पेटीवर छापलेला असतो. प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्यांचे चार ग्रुप शंभरावर मारा, वेग लिहून ठेवा आणि ज्या लॉटचे आकडे सगळ्यात जवळ-जवळ येतील तो भरपूर उचला. पेटी बदलली की पहिल्या काही गोळ्या मोजू नका, नळीत आधीच्या गोळीवरच्या मेणाचा थर असतो. नळीच्या तोंडाची कडाही भिंगाखाली बघा. साफसफाईच्या सळीने तिला ओरखडा पडला असेल तर कुठलाच लॉट उपयोगाचा नाही. पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत ठेवू नका, गंज धरतो. माझ्या नळीवर चवथीच्या सुट्टीत तांबूस ठिपके आले होते, ते तेलाने काढता काढता दोन संध्याकाळी गेल्या.