वाचकांचे प्रश्न : घरचा जनरेटर

वाघोलीला आमचे दोन मजली घर आहे. वळवाचा पाऊस आला की तीन-चार तास वीज जाते. चार पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही, वायफाय आणि जमल्यास बोअरची दीड एचपीची मोटर चालवायची आहे. दुकानदार 3 केव्हीए क्षमतेचा जनरेटर सुचवतो. घ्यावा का?

मोटर वगळली तर 2 केव्हीएतही भागते. मोटर धरली तर 3 केव्हीए कमी पडतो. साधा पंखा 75 वॅटचा, म्हणजे चारांचे 300. दहा एलईडी दिव्यांचे 90, फ्रिजचे साधारण 200, टीव्ही-वायफायचे 120. एकूण 710 वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तिपटीने ओढतो, ते धरूनही 2 केव्हीए पुरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. इथली हवा थोडी विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद पाच-सहा टक्के घटते. म्हणून अगदी काठावरचा सेट घेऊ नका.

दीड एचपीची मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. 3 केव्हीएचा सेट जेमतेम 13 अँपिअर देतो. मोटर नुसती घुमते, फिरत नाही. व्होल्टेज कोसळते आणि त्यात फ्रिजही बिघडू शकतो. तिच्यासाठी 5 केव्हीए किंवा त्याहून मोठा सेट लागेल. आमचे मत विचाराल तर, वीज असतानाच गच्चीवरची टाकी भरून ठेवा आणि बोअर जनरेटरला जोडूच नका.

इलेक्ट्रिशियनने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली आहे. एक टोक जनरेटरला, दुसरे किचनमधल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला. मेन स्विच बंद केला की झाले, असे तो म्हणतो. हे बरोबर आहे का? (धायरी)

अजिबात नाही. ती वायर आजच कापून टाका. जनरेटर चालू असताना एक टोक सॉकेटमधून निसटले, तर त्या पितळी पिनांवर 230 व्होल्ट उघडे असतात आणि त्या तुमच्या हातात असतात. मेन बंद करायला एकदा जरी विसरलात, तरी वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर जसा 11,000 व्होल्टचे 230 करतो, तसाच तो उलटही चालतो. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. शिवाय महावितरणची वीज अचानक परत आली, तर दोन पुरवठे एकमेकांवर आदळून जनरेटरचे वाइंडिंग जळते.

यावर उपाय एकच : चेंजओव्हर स्विच. घरचा सिंगल फेज पुरवठा असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे टू-पोल, मेन–0–जनरेटर असा घ्या. दोन्ही पुरवठे एकदम जोडलेच जाणार नाहीत, अशी त्याची रचना असते. शेजारी-शेजारी बसवलेले दोन सुटे एमसीबी (बोर्डातले ब्रेकर) हा त्याला पर्याय नाही. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्यासमोर तपासा : वीज असताना स्विच 0 वर आणला, की घरातला एकही दिवा लागता कामा नये.

जनरेटरच्या बॉडीचे अर्थिंग घरच्या अर्थिंगला जोडून घ्या. सेटचे न्यूट्रल अर्थला जोडलेले आहे की नाही, हेही ठेकेदाराला मॅन्युअलमधून पाहायला सांगा. ते मोकळे असेल, तर गळती होऊनही आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) न उडण्याची शक्यता असते. टेस्ट बटण दाबल्यावर मात्र तो उडतो, कारण त्या बटणाला अर्थ लागतच नाही. त्यामुळे निव्वळ बटणावर विसंबू नका.

कोथरूडला फ्लॅट आहे. बाल्कनीत छोटा जनरेटर ठेवला तर?

ठेवू नका. बाल्कनी, जिना, झाकलेले पार्किंग, कुठेच नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो; खिडकी उघडी आहे म्हणून तो बाहेरच जाईल असेही नाही. डोके दुखते, मळमळते, गरगरते आणि माणूस पित्त समजून आडवा होतो. झोपेत तर कळतही नाही. असे वाटले तर सगळ्यांनी लगेच बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि 108 ला फोन करावा. फ्लॅटला इन्व्हर्टरच योग्य : 150 एएचची (अँपिअर-तास) एक चांगली बॅटरी चार पंखे आणि दिवे तीन तास सहज चालवते.

बंगल्यातही सेट दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर लांब, सायलेन्सरचे तोंड घराच्या उलट दिशेला. पावसासाठी वर पत्रा चालेल, पण चारही बाजू मोकळ्या हव्यात. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून पंधरा मिनिटे निवू द्या. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेट घेते.

वर्षभर पडून असलेला जनरेटर दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही.

बहुधा कार्बोरेटर तुंबला आहे. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा धरते, आणि शिळे पेट्रोल चिकट होऊन जेटच्या बारीक भोकात बसते. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेले पेट्रोल काढा, जेटचे भोक क्लीनर स्प्रेने साफ करा. प्लग ओला असेल तर पुसून वाळवा. ऑइल पाहा, पातळी कमी असली तर बरेच सेट सेन्सरमुळे सुरूच होत नाहीत.

पुढे महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे, दोन-तीन पंखे आणि फ्रिज जोडून चालवा. नुसता रिकामा फिरवू नका. ठेवून देताना इंजिन चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करा आणि ते आपोआप थांबू द्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही.