व्हॉल्ट : हात टेबलाला लागण्यापूर्वी

प्रश्न : माझी 9 वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्समध्ये हँडस्प्रिंग व्हॉल्ट (धावत येऊन स्प्रिंगबोर्डवरून उसळायचे आणि टेबलावर हात टेकून पलीकडे उतरायचे) करते. टेबलावर तिची कोपरे वाकतात आणि दर स्पर्धेत त्याचे गुण जातात. हातांत ताकद यावी म्हणून तिला घरी जोर काढायला लावावेत का?

उत्तर : जोर काढल्याने तोटा काही नाही, पण कोपरे वाकण्याचे कारण बहुधा हातांत नसून पायांत असते. हँडस्प्रिंगमध्ये हात टेबलावर असतात ते सेकंदाच्या एखाद्या अंशापुरते. तेवढ्यात कोपरे वाकवून पुन्हा सरळ करण्याची सवड कोणालाच मिळत नाही. उसळी मिळते ती ताठ हातांवर खांदे कानांकडे ढकलून, ज्याला आपण ‘ब्लॉक’ म्हणतो. शरीर ताणलेले आहे, वेगात आहे आणि उभ्या रेषेच्या थोडे अलीकडे असतानाच हात टेकले आहेत, असे जमून आले तरच ही ढकल साधते. मुलगी स्प्रिंगबोर्डवर छाती पुढे टाकून उतरली, तर टाचा वर यायला उशीर होतो, खांदे हातांच्या पुढे निघून जातात आणि मग कोपरांना वाकण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

एक साधी तपासणी प्रशिक्षकांना सुचवून पाहा. हातांना लावतो तीच मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मुलीच्या तळपायांना लावावी, तिला सलग पाच-सहा व्हॉल्ट करू द्यावेत आणि दर वेळी बोर्डावर उमटलेला ठसा पाहून तो पुसून टाकावा. ठसे एकाच जागी, दोन्ही पावले शेजारी शेजारी असे येत असतील, तर खांद्यांच्या व्यायामाकडे वळावे. ते कधी मागच्या कडेला, कधी अगदी पुढे, किंवा एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे असे येत असतील, तर दुखणे धावण्यात आहे. पंच मात्र कारण शोधत बसत नाही. कोपर किती वाकले ते पाहून तो 0.10, 0.30 किंवा 0.50 गुण कापतो आणि पुढच्या खेळाडूकडे वळतो.

प्रश्न : मी शाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवतो. मुले बोर्डाजवळ येताच पावले आखडती घेतात. नियमात धाव 25 मीटर असल्याने मी सर्वांना तेवढ्याच अंतरावरून सोडतो.

उत्तर : 25 मीटर ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा वेग त्याच्या बऱ्याच आधी टोकाला पोहोचतो आणि उरलेल्या अंतरात तो केवळ दमतो. मी या वयात 12 ते 15 मीटरपासून सुरुवात करते. आधी बोर्ड न ठेवता मुलाला मोकळे धावू द्यावे, ठरावीक पावलांनंतर त्याचा पाय कुठे पडतो तिथे खूण करावी आणि त्यावरून सुरुवातीची जागा सेंटिमीटरमध्ये मोजून त्याच्या वहीत लिहावी. बोर्डावरची उडी उंच नको. लांब आणि सपाट हवी, कारण वर गेलेला वेग पुढे कामाला येत नाही. वाढत्या वयात ढांग बदलते, तेव्हा ही मापे दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावीत.

प्रश्न : माझी मुलगी जागच्या जागी उतरली, दुसरीने उतरताना पाऊल टाकले, तरी दुसरीला गुण जास्त. हा पक्षपात नव्हे का?

उत्तर : प्रेक्षकांना लँडिंगच दिसते, म्हणून हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेत येतो. लहान पाऊल म्हणजे 0.10, मोठे म्हणजे 0.30 आणि पडणे म्हणजे पूर्ण 1.00 गुण वजा. गुडघे सुटले, पाय फाकले, टेबलानंतरच्या उड्डाणात उंची किंवा अंतर कमी पडले, याचे वेगळे गुण जातात आणि ते गॅलरीतून कळत नाहीत. शिवाय काठिण्याचे गुण निराळे असतात. समजा, आपल्या मुलीचे काठिण्य 3.0 आणि सादरीकरण 8.9, तर बेरीज 11.9; दुसरीचे 3.6 आणि 8.5, तर 12.1. काठिण्य जास्त म्हणजे पदक नक्की, असेही नाही. रिओ येथे 2016 मध्ये दीपा कर्माकरने 7.0 काठिण्याचा प्रोदुनोव्हा (हँडस्प्रिंगनंतर हवेत पुढे दोन कोलांट्या) केला आणि दोन व्हॉल्टची सरासरी 15.066 घेऊन ती चौथी आली. स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरने कमी काठिण्याच्या व्हॉल्टवर 15.216 गुणांनी कांस्यपदक नेले.

प्रश्न : 11 वर्षांच्या मुलीला युर्चेन्को शिकवावा का? व्हिडिओ पाहून ती हट्ट धरून बसली आहे.

उत्तर : नताल्या युर्चेन्कोने 1982 च्या सुमारास रूढ केलेल्या या प्रकारात खेळाडू राउंडऑफ (हात टेकून आडवी कोलांटी घेत, वळून दोन्ही पायांवर एकदम उतरणे) करून बोर्डावर येते आणि टेबलाकडे पाठ असतानाच मागे झेपावते, म्हणजे हात टेकेपर्यंत टेबल तिला जवळपास दिसतच नाही. अमेरिकेच्या ज्युलिसा गोमेझचा पाय 1988 मध्ये टोकियोत याच व्हॉल्टच्या वेळी बोर्डावरून हुकला, ती कायमची पंगू झाली आणि 1991 मध्ये वारली. आज बोर्डाभोवती सुरक्षा कॉलर (बोर्डाला वेढणारी मऊ गादी) लावल्याशिवाय हा व्हॉल्ट केला तर शून्य गुण मिळतात. वयापेक्षा मी हे पाहते : जमिनीवरच्या पट्टीवर तिचा राउंडऑफ पंचवीसपैकी पंचवीस वेळा सरळ रेषेत येतो का? त्यानंतर मऊ मॅटच्या चळतीवर महिनोन्‌महिने सराव, आणि सर्वांत शेवटी टेबल. तुमच्या जिममध्ये कॉलर नसेल, तर हा विषय तूर्त बंद ठेवावा.

प्रश्न : टेबलाची उंची पाच सेंटिमीटर इकडेतिकडे झाली, तर एवढे काय बिघडते?

उत्तर : सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली महिलांच्या सर्व उपकरणांवरच्या एकत्रित अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा (तेव्हा टेबलाच्या जागी असलेले उपकरण) नेमका पाच सेंटिमीटर खाली लावला गेला होता. स्वेतलाना खोर्किनासारखी कसलेली खेळाडू त्यावर पडली, आणि चूक ऑस्ट्रेलियाच्या एका खेळाडूच्या लक्षात येईपर्यंत निम्मी स्पर्धा उरकली होती. वरिष्ठ गटात उंची महिलांसाठी 125 आणि पुरुषांसाठी 135 सेंटिमीटर असते. लहान गटांत त्या त्या स्पर्धेच्या परिपत्रकात दिलेली. मोजपट्टी स्वतःच्या पिशवीत ठेवा आणि सरावाची वेळ सुरू होण्याआधी जमिनीपासून टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत स्वतः मोजा.