पेपर सुटल्यावरची वजाबाकी

फेब्रुवारी-मार्चमध्ये समुपदेशक म्हणून मला पालकांचे जे फोन येतात, त्यातला एक प्रश्न दर वर्षी ठरलेला. "मॅडम, पेपर झाला की मुलगी मैत्रिणींशी उत्तरं जुळवत बसते, मग रडते, पुढच्या पेपरचा अभ्यास होत नाही. तिला कसं थांबवू?" बारावी सायन्सच्या घरांतून हा फोन बहुतेक वेळा फिजिक्सच्या दिवशी येतो. केमिस्ट्री निदान पाठ करून रेटता येते, अशी मुलांची समजूत असते. फिजिक्सच्या न्यूमेरिकलचं उत्तर म्हणजे एक आकडा. तो जुळला तर जीव भांड्यात पडतो, नाही जुळला तर आख्खं वर्ष गेल्यासारखं वाटतं.

मी सहसा "थांबवा" असं सांगत नाही. का, ते एका केसवरून सांगते. मुलीला सायली म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सायली सातारा जिल्ह्यातली, स्टेट बोर्डाची. पेपर अवघड होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुटली आणि गेटबाहेरच चर्चा सुरू झाली. घरी येईपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर एका मुलानं सगळी उत्तरं टाकली होती. संध्याकाळी कुणीतरी यूट्यूबवरच्या सोल्यूशनची लिंक पाठवली. सायली प्रश्नपत्रिका आणि लाल पेन घेऊन बसली आणि सत्तरातून एकेक गुण वजा करत गेली. नऊ वाजता बाबांनी मोबाइल काढून घेतला, तेव्हा ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे गेली. आई म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता केमिस्ट्री काढ." केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला माझ्याकडे घेऊन आली. मध्ये एकच दिवस उरला होता.

"किती होतात?" मी विचारलं.

"एकोणतीस."

"आणि हॉलमधून बाहेर पडलीस तेव्हा किती वाटत होते?"

"पंचावन्न तरी."

म्हणजे उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात गेल्यावर, तिच्यात एक अक्षरही बदललेलं नसताना, सव्वीस गुण गेले होते. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती चिडली. "पण चुकलंय ते चुकलंयच ना!" बरोबर होतं तिचं. म्हणून समजूत काढण्याऐवजी मी म्हटलं, प्रश्नपत्रिका काढ, आपण दोघी एकदा नीट मोजू. वीस मिनिटं. नंतर ती माझ्या कपाटात.

यावर काही सहकारी भुवया उंचावतात. गेलेल्या पेपराकडे वळूनच पाहू नये, हा नेहमीचा सल्ला. मला तो अर्धाच पटतो. ज्या मुलाला विसरता येतं त्याला तो सल्ला लागत नाही, आणि ज्याला विसरता येत नाही त्याला उपयोगी पडत नाही. डोक्यात हिशेब चालूच असेल, तर तो निदान बरोबर तरी असावा.

सायलीचा चुकला होता. बारावी फिजिक्सच्या पेपरात प्रश्न ९८ गुणांचे असतात आणि सोडवायचे ७० गुणांचे. दोन गुणांच्या बारापैकी आठ, तीन गुणांच्या बारापैकी आठ, चार गुणांच्या पाचपैकी तीन. बहुपर्यायी आणि एका गुणाचे मात्र सगळे. ग्रुपवरच्या मुलानं सगळ्या ९८ गुणांची उत्तरं टाकली होती. सायली खाली खाली वाचत गेली आणि जे उत्तर ओळखीचं वाटलं नाही तिथे गुण कापत गेली. त्यात तीन गुणांचे तीन आणि चार गुणांचा एक, असे चार प्रश्न तिनं हॉलमध्ये शांत डोक्यानं ऑप्शनला सोडलेले होते. जे लिहायचंच नव्हतं, त्याचे तेरा गुण गेले होते.

दुसरी गंमत एका दोन गुणांच्या न्यूमेरिकलमध्ये. ४००० अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या फोटॉनची ऊर्जा काढायची होती. ग्रुपवर सगळ्यांचं उत्तर ३.१. सायलीचं ४.९७ इनटू टेन रेज टू मायनस नाइन्टीन. तिनं पूर्ण दोन गुण कापले. मी कला शाखेची. मला कळलं ते एवढंच, की तिच्या उत्तरापुढे ज्यूल लिहिलंय आणि ग्रुपवरच्या आकड्यापुढे काहीच नाही. मी तेवढंच विचारलं. ती पाचेक सेकंद गप्प बसली, मग स्वतःच १.६ नं भागलं. तेच ३.१ आलं. इतरांनी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढलं होतं, हिनं ज्यूलमध्ये. आणि प्रश्नात एकक मागितलेलंच नव्हतं. आदल्या रात्री हेच भागायला सुचलं नव्हतं, कारण बारा जणांचं उत्तर एक आलं की तेराव्याला स्वतःचं तपासावंसं वाटत नाही, सोडून द्यावंसं वाटतं. शिवाय कॅल्क्युलेटर नाही, सगळं लॉग टेबलवर. तिथे दोघांच्या उत्तरात तिसऱ्या अंकाचा फरक पडणं हे रोजचंच.

राहिलं स्टेप मार्किंग. अंतिम उत्तर चुकलं तरी सूत्राला, किमती मांडण्याला गुण असतात, हे तिला सरांनी वर्षभर सांगितलं होतं. रात्रीच्या हिशेबात मात्र प्रत्येक चूक पूर्ण गुणांची होती.

आम्ही ४४ वर थांबलो. त्यावर स्टेप्सचे जे मिळतील ते.

आता हे इथेच गोड करून संपवता आलं असतं, पण तिचं खरंच काही गेलं होतं. दोन बहुपर्यायी प्रश्न चुकले होते. एकात तर आधी बरोबर पर्याय लिहून नंतर दुसरा लिहिला होता, आणि पहिलाच धरतात म्हणून वाचली असं तिला वाटत होतं. पण पहिला तिनं खोडला होता, त्यामुळे तो मी हिशेबात धरू दिला नाही. चार गुणांचं एक डेरिव्हेशन वेळ संपल्यामुळे अर्धं राहिलं. ते तिला पाठ होतं. त्याचं नाव निघालं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणानं रडली, आणि मी "होतं असं" वगैरे काही म्हटलं नाही. येत असलेलं लिहायचं राहून जाणं याचं वाईट वाटायलाच हवं. २९ च्या खोट्या आकड्याखाली हे खरं दुःख दबून गेलं होतं.

ग्रुपवर उत्तरं टाकणारा तो मुलगा असा बहुतेक प्रत्येक वर्गात असतो. सगळे त्याला हुशार समजतात. अशा मुलांशीही मी बोलले आहे. घाईघाईनं उत्तरं टाकण्यामागे पुष्कळदा त्यांचीच धाकधूक असते. कुणी "माझंपण तेच आलं" म्हणावं म्हणून ते वाट पाहत असतात. म्हणजे दोन्ही बाजूंना घाबरलेली मुलं, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर. आपण नक्की काय लिहिलं होतं, ही आठवणही तोवर डळमळीत झालेली असते. दुसऱ्याचं ऐकलं की "मी बहुतेक उलटं लिहिलंय" असं वाटायला लागतं.

मोबाइल काढून घेण्याबद्दल. मी सायलीच्या बाबांना तो परत द्यायला सांगितला. ग्रुप परीक्षा संपेपर्यंत म्यूट आणि आर्काइव्ह करायचा, हे तिनं स्वतः ठरवलं. पुढच्या पेपरांनंतर बोलायचं ते एकाच मैत्रिणीशी, स्टँडपर्यंत चालताना, घरी आल्यावर नाही. केमिस्ट्रीला तिनं ते पाळलं. मॅथ्सला नाही पाळलं, रात्री अकरापर्यंत बोलत होती. पण पुढच्या पेपराला अवकाश होता, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.

बाबांचा वेगळाच घोर होता. "पंचाहत्तर टक्के नाही पडले तर इंजिनीअरिंग गेलं ना?" ही गल्लत फार घरांत आहे. ७५ टक्क्यांची अट जेईई या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून आयआयटी-एनआयटीला जाणाऱ्यांसाठी, तीही एकूण गुणांवर, आणि अनुसूचित जाती-जमातींना ६५. राज्यातल्या कॉलेजांना सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून प्रवेश मिळतो. तिथे बारावीच्या पीसीएमला, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून, खुल्या गटात ४५ टक्के आणि राखीव गटात ४० लागतात, आणि फिजिक्सच्या शंभरातले तीस प्रॅक्टिकलचे असतात. हे ऐकून बाबा खुर्चीत मागे टेकले. मुलीवर येणारा निम्मा ताण त्यांच्याकडून येत होता, हे मी तेव्हा बोलले नाही, आईशी नंतर बोलले. पेपरहून आलेल्या मुलाला "कसा गेला?" एकदा विचारा आणि वाढायला घ्या. "किती पडतील?" हा प्रश्न निकालापर्यंत विचारूच नका.

एक गोष्ट मात्र उत्तरं जुळवण्याच्या पलीकडची. मूल दोन रात्री झोपलं नाही, जेवण टाकलं, किंवा "आता काही अर्थच नाही", "मी नसते तर बरं" असं काही बोललं, तर ते परीक्षेचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. जीव द्यायचा विचार येतोय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडू नका, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

निकालात गुण फारच कमी वाटले तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. सायलीला त्याची गरज पडली नाही. तिला आमच्या आकड्यापेक्षा थोडे जास्त आणि तिच्या पंचावन्नपेक्षा कमी पडले.

मे महिन्यात तिचा सीईटीबद्दल फोन आला. "मॅडम, यात तरी उत्तरं जुळवू का?" मी म्हटलं, जरूर जुळव. तिथे सीईटी सेल तुझे स्वतःचे नोंदवलेले पर्याय आणि अधिकृत उत्तरतालिका दोन्ही दाखवतं, आणि उत्तर चुकीचं वाटलं तर ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून हरकत घेता येते. फक्त एककं बघून घे.