डीव्हीडी नाही, पेनड्राइव्हही नाही : आयएसओ फाइलवरूनच लिनक्स

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर सध्या उबुंटू आहे. त्याचा डीव्हीडी ड्राइव्ह निकामी झाला असून पेनड्राइव्ह लावल्यास तो सुरुवातीच्या मेनूत दिसत नाही. लिनक्स मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची जशीच्या तशी प्रत असलेली एकच फाइल) मी होम फोल्डरमध्ये उतरवून ठेवली आहे. ती कशावरही राइट न करता तिच्यावरूनच मिंट बसवता येईल का? उबुंटूही तूर्त ठेवायचे आहे. रॅम ८ जीबी आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : येईल, आणि त्यासाठी लागणारे मुख्य साधन आपल्या लॅपटॉपवर आधीपासूनच आहे. संगणक सुरू होताना उबुंटूला उठवणारा ग्रब हा बूटलोडर, ‘लूपबॅक’ या आज्ञेच्या साहाय्याने, हार्ड डिस्कवरच्या आयएसओ फाइलच्या आत डोकावू शकतो आणि तिच्यातला कर्नल (प्रणालीचा गाभा) थेट मेमरीत चढवू शकतो. तथापि आयएसओवरून संगणक सुरू होणे हा यातला सोपा भाग आहे. पुढे मिंट सुरळीत बसते की मध्येच अडते, हे बहुतांशी ती फाइल कोणत्या पार्टिशनवर (डिस्कच्या विभागावर) ठेवली आहे यावर ठरते. म्हणून प्रथम पार्टिशनकडे वळू.

लाइव्ह मिंट (डिस्कवर न बसवताच चालणारे मिंट) सुरू असेपर्यंत आयएसओ जिच्यावर आहे ती पार्टिशन सतत वापरात असते, कारण संपूर्ण प्रणाली त्याच फाइलमधून वाचली जात असते. त्यामुळे ती पार्टिशन फॉरमॅट करणे किंवा लहानमोठी करणे इन्स्टॉलरला शक्य होत नाही. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याचाच तो प्रकार. आपल्याला उबुंटू ठेवायचे असल्याने फाइल आहे तेथे राहिली तरी चालेल, परंतु मिंटसाठी वेगळी रिकामी पार्टिशन हवी. ती इन्स्टॉलरवर न सोपवता आधीच तयार करून ठेवावी. डिस्कवर मोकळी जागा शिल्लक असेल तर जीपार्टेड या पार्टिशन करण्याच्या प्रोग्राममधून हे काम काही मिनिटांचे आहे. मात्र चालू उबुंटूची पार्टिशन उबुंटूतच बसून आकसता येत नाही. जागा तिच्यातूनच काढायची असेल, तर पुढे सांगितलेल्या ‘टूरॅम’चा आधार घ्यावा लागेल. डेटाचा बॅकअप दोन्ही परिस्थितींत आधी घ्यावा.

आता फाइल तपासावी. मिंटच्या संकेतस्थळावर दिलेला एसएचए-२५६ बेरीजांक (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखसंख्या) आणि टर्मिनलमध्ये ‘एसएचए२५६सम’ आज्ञेने आपल्या फाइलचा निघालेला बेरीजांक तंतोतंत जुळला पाहिजे. अर्धवट उतरलेली फाइल पुष्कळदा सुरू होण्यापुरती सुरू होते आणि इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते, म्हणून हे काम टाळू नये.

त्यानंतर ‘/इटीसी/ग्रब.डी’ या फोल्डरातील ‘४०_कस्टम’ ही फाइल प्रशासकीय अधिकाराने उघडून तिच्या शेवटी एक नवी मेनूनोंद लिहावी. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या तरी टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांतच लिहाव्यात.) नोंदीत चार कामे असतात. ‘सर्च’ आज्ञेने आयएसओ असलेली पार्टिशन शोधणे, ‘लूपबॅक’ने ती फाइल ‘लूप’ या नावाने उघडणे, ‘लिनक्स’ आज्ञेने तिच्यातील ‘कॅस्पर’ फोल्डरातला ‘व्हीएमलिनझ’ हा कर्नल घेणे आणि ‘इनिटआरडी’ आज्ञेने सोबतची प्रारंभिक प्रतिमा (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा संच) घेणे. या प्रतिमेचे नाव आवृत्तीनुसार बदलते, म्हणून आयएसओ आर्काइव्ह मॅनेजरमध्ये उघडून ते डोळ्यांनी पाहावे आणि मगच लिहावे. कर्नलच्या ओळीत ‘बूट=कॅस्पर’ आणि ‘आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=’ हे दोन शब्द हवेतच. दुसऱ्यापुढे फाइलचा मार्ग द्यायचा, कारण कर्नल सुरू झाला की ग्रबचे काम संपते आणि आयएसओ कोठे आहे हे नव्या प्रणालीला पुन्हा सांगावे लागते.

या मार्गापाशीच बहुतेकांची गाडी अडते. ग्रब मार्ग मोजतो तो पार्टिशनच्या मुळापासून. आपले होम फोल्डर स्वतंत्र पार्टिशनवर असेल, तर उबुंटूत ‘/होम’पासून सुरू होणारा मार्ग ग्रबसाठी त्यातले ‘/होम’ वगळून लिहावा लागतो. स्वतंत्र नसेल तर आहे तसाच. ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश आल्यास पहिला संशय येथेच घ्यावा. होम पार्टिशन एन्क्रिप्ट केलेली असल्यास मात्र आयएसओ उघड्या पार्टिशनवर हलवणेच श्रेयस्कर.

फाइल जतन करून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एकटे उबुंटू असलेल्या संगणकावर ग्रबचा मेनू लपवलेला असतो. तो एस्केप कळ दाबून, आणि जुन्या बायोसवर (जुन्या संगणकांच्या प्रारंभ-व्यवस्थेवर) शिफ्ट धरून, पुढे आणता येतो.

आपल्याकडे ८ जीबी रॅम आहे आणि मिंटची आयएसओ साधारण ३ जीबीची असते, तेव्हा कर्नलच्या ओळीत ‘टूरॅम’ हा शब्दही जोडावा असे मी सुचवेन. त्याने प्रणाली मेमरीत उतरते. सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, पण डिस्क मोकळी करण्याची वाट खुली होते. ‘वाट’ अशासाठी म्हणालो की पार्टिशन त्यानंतरही ‘/आयएसओडिव्हाइस’ येथे जोडलेली राहू शकते. ती ‘सुडो यूमाउंट -एल /आयएसओडिव्हाइस’ या आज्ञेने सोडवावी आणि मगच जीपार्टेड किंवा इन्स्टॉलर उघडावा.

इन्स्टॉलरमध्ये संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय चुकूनही निवडू नये. ‘समथिंग एल्स’ निवडून, तयार ठेवलेली पार्टिशन ‘एक्स्ट४’ म्हणून मूळ फोल्डरसाठी नेमावी. आणखी एक बारकावा असा की, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी प्रारंभ-व्यवस्था) असलेल्या संगणकांवर मिंट आपला बूटलोडर ‘उबुंटू’ याच नावाच्या फोल्डरात ठेवते, त्यामुळे यापुढे मेनू मिंटचा दिसेल. त्यात जुने उबुंटू नसल्यास मिंटमध्ये ‘/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलीत ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधणारा प्रोग्राम) बंद ठेवणारी ओळ ‘फॉल्स’ करून ‘अपडेट-ग्रब’ पुन्हा चालवावे.

प्रश्न : माझ्याकडे फक्त विंडोज आहे. आयएसओवर डबल-क्लिक केल्यास ती उघडते, पण आतून काहीच बसवता येत नाही. असे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : डबल-क्लिकने आतल्या फाइली केवळ वाचायला मिळतात. लिनक्सचा इन्स्टॉलर चालायला लिनक्सचा कर्नल आधी सुरू झालेला असावा लागतो. विंडोजच्या आतूनच उबुंटू बसवून देणारा वुबी हा प्रोग्राम २००८ मध्ये ८.०४ या आवृत्तीबरोबर आला होता, पण १३.०४ पासून उबुंटूने तो वगळला.

आता, संगणक यूईएफआय असल्यास, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून ८ जीबीची छोटी फॅट३२ पार्टिशन तयार करून आयएसओच्या आतील सर्व फाइली तिच्यावर उतरवता येतात. काही फर्मवेअर अंतर्गत डिस्कवरची अशी पार्टिशन बूट मेनूत दाखवतात, काही दाखवत नाहीत. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) सुरू असेल तर पार्टिशनला हात लावण्यापूर्वी तो स्थगित करावा आणि त्याची रिकव्हरी की संगणकाबाहेर, कागदावर लिहून ठेवावी. आपला पेनड्राइव्ह चालत असेल, तर मात्र हा खटाटोप कशाला? त्यावर एकदा व्हेंटॉय (आयएसओ फाइलवरून थेट संगणक सुरू करणारा प्रोग्राम) बसवले की आयएसओ फाइल नुसती कॉपी करायची. तीही राइट करावी लागत नाही.