काडतूस छातीत घुसत नाही!

'व्हाइट सन ऑफ द डेझर्ट' या १९७० च्या सोव्हिएत चित्रपटाची (नायक सुखोव्ह) गोष्ट मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : 'सुखोव्हच्या नगानमधून सुटलेलं काडतूस दरोडेखोराच्या छातीत घुसलं' हे वाक्य चालेल का? आणि नगानला पिस्तूल म्हणावं की रिव्हॉल्व्हर?

रिव्हॉल्व्हर. डोळ्यांसमोर काडतुसांचं चक्र फिरतंय, मग पिस्तूल कशाला? रशियन माणूस तर कुठल्याही रिव्हॉल्व्हरला 'नगान'च म्हणतो, जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. तेव्हा नुसतं नगान लिहिलंत तरी बिघडत नाही.

पण ते काडतूस! बातम्यांत, मालिकांत, आता गोष्टींतही काडतुसं छातीत घुसायला लागली आहेत. अहो, घुसते ती गोळी. काडतूस म्हणजे गोळी, दारू आणि ती पेटवणारी टोपी एकत्र धरून ठेवणारं अख्खं प्रकरण. 'एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त' या पोलिसी वाक्याची कितीही चेष्टा करा, शब्द तिथे नेमका आहे. नगानमध्ये तर ही चूक फारच खटकते. १८९५ च्या या बेल्जियन रचनेत गोळी पितळी नळकांड्याच्या पार आत दडलेली असते, टोकसुद्धा बाहेर दिसत नाही. घोडा मागे ओढला की चक्र पुढे सरकून रिव्हॉल्व्हरच्या नळीला चिकटतं. गोळी निघून जाते, नळकांडं जागेवरच राहतं आणि नंतर बाजूच्या झडपेतून एकेक करून सळईने ढकलून काढावं लागतं.

आता खरी गंमत. मुळात काडतूस ही कागदाची पुडी! इटालियन 'कार्ता' म्हणजे कागद, त्यावरून 'कार्तोच्चो', फ्रेंच 'कार्तूश', पोर्तुगीज 'कार्तुशु'. १८५७ साली शिपायांना दातांनी फाडायला सांगितलं तेही कागदी काडतूसच. रशियनांनी डचांकडून 'कार्तूझ' घेतला, म्हणजे तोफेच्या दारूची पिशवी. लिहितात झ, पण शेवटी आला की उच्चार होतो 'कार्तूस'. हुबेहूब हिंदी कारतूस! (पुढे झाप असलेल्या टोपीलाही कार्तूझच म्हणतात, पण त्या टोपीचं कूळ वेगळं सांगतात.) आणि सुखोव्ह स्वतः काडतुसाला म्हणणार 'पात्रोन', जर्मनांकडून आलेला शब्द.

कोशवाले 'काडतूस, पोर्तुगीज' एवढं लिहून हात झटकतात. मला ते पटत नाही. पोर्तुगीज किंवा फ्रेंच शब्दाच्या शेवटी श किंवा च, मग आपल्याकडे स कुठून आला? डच शब्द आहे 'कार्दूस', शेवटी स्वच्छ स. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तिथे दारूगोळा काय नुसता पाहायला ठेवला होता? डच द चा आपल्याकडे त कसा झाला, हे मात्र मला विचारू नका. पोर्तुगीजवाल्यांनी आधी स चा हिशेब द्यावा, मग मी त चा देतो.

हां, सुखोव्हने सलग किती गोळ्या झाडल्या ते लिहाल तेव्हा मोजून लिहा. नगानच्या चक्रात सात काडतुसं बसतात, सहा नव्हे.