पोरीला जंगलातल्या झाडांवर रिसर्च करायचाय, पण पोटापाण्याचं काय?

नमस्कार दादा,

तुम्ही शिराळ्याहून लिहिलंय की मुलगी एसवायला आहे, बॉटनी घेतलंय, तिला जंगलातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करायचाय आणि तुम्हाला वाटतंय की त्यापेक्षा बीएड बरं, रानात हिंडून घर चालत नाही. काळजी रास्त आहे. पण दादा, हे हिंडणं नाहीये.

दोरी लावून दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखायचा, त्यातलं एकूण एक झाड ओळखायचं, छातीच्या उंचीवर टेप लावून घेर घ्यायचा, मग खाली वाकून रोपं मोजायची, आणि काही वर्षांनी परत त्याच जागी हेच. जंगल वरून हिरवंगार दिसतं पण खाली मोठ्या झाडांची रोपंच नसतील तर ते म्हातारं होत चाललंय, हे लांबून कळत नाही, मोजल्यावरच कळतं. आणि रोपाची पानं मोठ्या झाडासारखी असतीलच असं नाही, म्हणून ओळखणारी माणसं फार कमी, माझ्या मते तिने पहिली दोन वर्षं फक्त ओळखण्यावरच घालवावीत. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात आयआयएससीने (बंगळूरची विज्ञान संस्था) 1988 मध्ये 50 हेक्टरचा प्लॉट आखला, तिथे एक सेंटीमीटर जाडीच्या खोडाचीसुद्धा नोंद आहे.

आता पैशाचं. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी शिष्यवृत्ती देणारी परीक्षा, निघाली तर महिना 37,000 आणि वर घरभाडं, पीएचडीला पाच वर्षं धरा. नाही निघाली तर प्रोजेक्टवरची कामं, ती तात्पुरती असतात, आणि पर्मनंट जागा कमीच आहेत, हे लपवत नाही. पण बॉटनीवर एमपीएससीची वनसेवा पण देता येते, आणि बीएड नंतरही होतं, ते कुठे पळून जात नाही. एमएस्सीला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तुम्हाला जवळ, तिथे वनस्पती ओळखण्याचं काम जुनं आणि चांगलं आहे.

एकटीने जंगलात जायचं नाही, हा नियम मात्र कडक ठेवा. तुमच्या जवळच्या चांदोली अभयारण्यात तर परवानगीशिवाय जाताच येत नाही, त्यामुळे सुरुवात गावच्या देवराईपासून करू दे, जाणत्यांना विचारून, तिथलं काही न तोडता, फक्त फोटो आणि वहीत नोंद. नमुने बांधावरचे घ्यावेत, पेपरात दाबून, आणि पावसाळ्यात पेपर रोज बदलायचे नाहीतर बुरशी धरते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा हे न कंटाळता केलं तर ती वही मला पाठवा, एमएस्सी कुठे करायची ते मग बसून ठरवू.